बाईंच्या माडीवरचे शनिवार

शनिवारी आमचं कॉलेज सकाळचं असायचं. ते दुपार व्हायच्या आत सुटायचं आणि आमच्या येडगावकडं जाणारी एसटी थेट उन्हं कलताना लागायची. मधला सगळा वेळ जुन्नरच्या स्टँडवर काढायचा. सिमेंटच्या बाकावर ओढणीनं तोंड झाकून मी बसलेली असे. शेजारी माझ्या वर्गातली एक मुलगी, घाटघरची. आठवडाभर ती वसतिगृहात राहायची आणि शनिवारी घरी जायची. तिची गाडी माझ्यानंतर. आम्ही एकाच बाकावर बसायचो, पण फार बोलायचो नाही. तिला तिच्या बोलण्याची लाज वाटायची आणि मला काय बोलावं ते सुचायचं नाही.

अशाच एका शनिवारी बाई आमच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. गावातल्या मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, उंच आणि किंचित वाकलेल्या. कंडक्टरकडं कसलीशी पिशवी द्यायला आल्या होत्या. आम्हाला त्यांनी शिकवलेलं नव्हतं, पण जुन्नरमध्ये त्यांना सगळे बाईच म्हणायचे.

"इथं धूळ खात बसण्यापेक्षा माझ्याकडे चला," त्या म्हणाल्या. "शेंगा सोलायच्यात. हात लावा जरा."

एवढंच. आम्ही उठलो आणि त्यांच्या मागून चालायला लागलो. अनोळखी बाईच्या मागं आपण कशा निघालो, हे मला अजून नीट सांगता येत नाही. त्या वयात कुणी काम सांगितलं की बरं वाटायचं, एवढंच आठवतं.

बाईंची माडी जुन्या बाजारातल्या एका बोळात होती. खाली कल्हईवाल्याचं दुकान. नवसागराचा पांढरा धूर जिन्यातून वर चढायचा आणि माडीवर येऊन विरून जायचा. खिडकीतून शिवनेरीचा एक कडा दिसायचा, दुपारच्या उन्हात फिकट, जणू कुणी पाण्यानं पुसलेला. जमिनीवर चटई, चटईवर सूप, सुपात शेंगा. खालून भांड्यावर घासणाऱ्या फडक्याचा आवाज यायचा, एका लयीत. आजही दुपारी डोळा लागता लागता तो आवाज मला ऐकू येतो.

पहिल्या दिवशी आम्ही नुसत्या शेंगा सोलल्या. निघताना बाई म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी तूर निवडायचीय."

दोन-तीन शनिवारांनी त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला देव भेटलाय का?" विचारण्याचा सूर असा, की कुणाला सर्दी झालीय का, असं विचारावं. आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसलो. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी खरंच विचारते. मी आयुष्यभर मुलींना कविता शिकवल्या, हे कुणाला विचारायचं राहूनच गेलं."

तिथून ते सुरू झालं. त्याला आम्ही कधी नाव दिलं नाही. हळूहळू आणखी दोघं आली. जुन्नरच्याच पेठेतली एक मुसलमान मुलगी, बाईंची जुनी विद्यार्थिनी. आणि ओतूरचा एक मुलगा, त्याचे वडील कीर्तनकार. बाईंना नावं लक्षात ठेवायचा कंटाळा होता, की मुद्दामच करत होत्या कोण जाणे, त्या आम्हाला गावांवरून हाका मारायच्या. "काय येडगाव, उशीर?" "ओतूर, पाणी आण." "पेठ, तू इकडे बस." मग आम्हीही एकमेकांना तशाच हाका मारायला लागलो.

रीत साधी होती. हात कामात ठेवायचे. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही, खोडून काढायचं नाही. बोलायचं नसेल त्यानं 'पुढं' म्हणायचं आणि पाळी पुढं जायची. "हाताला काम असलं की तोंड खरं बोलतं," असं बाईंचं म्हणणं. आणि ते खरं होतं. सगळ्यांची नजर सुपात, त्यामुळं बोलणाऱ्याकडं कुणी टक लावून बघायचं नाही.

पेठनं एकदा सांगितलं, लहानपणी पहिला रोजा धरला होता तेव्हाची गोष्ट. दुपारी तहान सोसवेना, म्हणून रांजणाच्या आडोशाला जाऊन ती घोटभर पाणी प्यायली. आणि तिथंच अंग चोरून बसली, आता आकाश कोसळेल म्हणून. "कोसळलं नाही," ती म्हणाली. "अम्मी आतून हाक मारत होती, कोंबड्या फिरत होत्या, सगळं होतं तसंच. मला त्याचंच वाईट वाटलं. वाटलं, त्याचं माझ्याकडं लक्षच नाही." तिनं हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले.

ओतूरचा मुलगा तर सरळच म्हणाला, "वडील कीर्तनाला उभे राहिले की मी मागं टाळ वाजवतो. लोक रडतात. मी लोकांकडं बघतो. टाळ वाजतो, आत काही वाजत नाही." हे तो सांगत होता तेव्हा त्याच्या कपाळावर सकाळचा बुक्का तसाच होता.

घाटघर मात्र कित्येक शनिवार 'पुढं' म्हणत राहिली. मग एके दिवशी, सूप निवडून संपत आलेलं असताना, कुणी न विचारता ती बोलायला लागली. आवाज इतका हळू, की खालच्या फडक्याच्या आवाजात मिसळून जावा.

"आमच्याकडं रानाच्या कडंला वाघोबा हाय. दगूड. त्यावर वाघ काढल्याला. आई गुरं घिऊन जाताना त्याला सांगती, 'दादा, आमी आमच्या वाटनं जातो, तू तुझ्या वाटनं जा.' संध्याकाळी येताना पुन्यांदा थांबती. म्हनती, 'आलो रं दादा.' मी ल्हान व्हते तवा मला वाटायचं, ह्यो माझा मामाच हाय." तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. "आमचा देव लांब न्हाई. वाटंवरच बसलाय. हितं जुन्नरात आलं की मला चुकल्यावानी व्हतं, कुनाला सांगून निघावं तेच कळत न्हाई."

त्या दिवसापासून जिना उतरताना बाई तिला म्हणायच्या, "जाते म्हणून सांग." आणि ती मान खाली घालून म्हणायची, "जाते बाई."

मी बोलत नव्हते. घरी सगळं होतं, कुळाचार, सत्यनारायण, खंडोबाची तळी. पण माझं म्हणून त्यात काय, हे शोधायला गेलं की हाताला काही लागायचं नाही. माझी पाळी आली की मी म्हणायची, "पुढं." बाईंनी कधी आग्रह केला नाही. एकदा मीच उलट विचारलं, "बाई, तुमचा विश्वास आहे का?"

"मला ठाऊक नाही गं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर तुम्हाला बोलावते."

ते दिवस तसे गढूळ होते. दंगलींच्या बातम्यांमुळं वर्तमानपत्रं उघडावीशी वाटू नयेत असे. जुन्नरच्या बोळांत त्यातलं फार काही पोचलं नव्हतं, पण काहीतरी पोचलं होतंच. बाईंच्या जिन्यावर वेगवेगळ्या घरची पोरं चढतात, तासन् तास दार लावून बसतात, हे कुणाच्या तरी डोळ्यावर आलं. खरं तर दार उघडंच असायचं. पण बोलणं पसरलं: तिथं पोरांना बाटवतात. कुणी म्हणे ख्रिस्ती करतात, कुणी म्हणे आणखी काही. समोरच्या घरातल्या वहिनी बाईंशी बोलेनाशा झाल्या. माझ्या वडिलांच्या कानावरही गेलं. ते शेतात पाणी धरत होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "काय करता गं तिथं?" मी म्हटलं, "शेंगा सोलतो." ते म्हणाले, "मग घरच्या कोण सोलणार?" आणि पाण्याचं दारं मोडायला पुढच्या वाफ्याकडं गेले. विषय तिथंच संपला.

घाटघरच्या घरी मात्र तो संपला नाही. दिवाळीला ती घरी गेली ती परत आलीच नाही. वसतिगृहातल्या एका मुलीनं सांगितलं, तिच्या बापानं ठेवून घेतलं.

त्या शनिवारी माडीवर आम्ही तिघं आणि बाई. सुपात गहू होता. कुणाचंच लक्ष लागत नव्हतं. बाईंनी सूप बाजूला सारलं. म्हणाल्या, "आपण जाऊ या."

"कुठं?" ओतूरनं विचारलं.

"तिच्याकडे. ती येत नसेल तर आपण जाऊ."

रविवारी सकाळच्या गाडीनं निघालो. पेठला सोडायला तिचे वडील स्टँडवर आले होते. त्यांनी तिला खिडकीशी जागा धरून दिली, बाईंना सलाम केला आणि गाडी हलेपर्यंत उभे राहिले. माणिकडोहाचं पाणी लागलं, मग चावंडचा डोंगर. गाडी रिकामी होत गेली. घाटघरला उतरलो तेव्हा जीवधनच्या अंगावर धुकं होतं, आणि नाणेघाटाच्या बाजूनं ढग जमिनीवरून चालत येत होते, शेळ्यांचा कळप यावा तसे. कोकण त्या ढगांच्या खाली कुठंतरी होतं. भाताची कापणी झालेली. खाचरांत नुसती धसकटं, त्यावर दहिवर. कुणाच्या तरी चुलीचा निळा धूर वर जायचं विसरून तिथंच आडवा पसरला होता. मला वाटलं, आपण अजून गाडीत झोपलोय आणि हे सगळं झोपेत दिसतंय.

ती खळ्यावर होती. आम्हाला बघून हातातला पेंढा तसाच धरून उभी राहिली. तिची आई लगबगीनं पाणी घेऊन आली. वडील मागून आले. बुटके, डोक्याला फडकं, पायाला चिखल. त्यांनी आम्हाला घोंगडी अंथरून दिली, कोरा चहा दिला, गूळ दिला. चहा पिऊन झाल्यावरच बोलले.

"बाई, पोर शिकावी म्हनून धाडली व्हती. पर लोक म्हनत्यात, तुमच्याकडं पोरांचा धरम बदलत्यात. खरं का खोटं, मला म्हाईत न्हाई. म्हनून ठिवून घेतली."

मला वाटलं बाई आता समजावून सांगतील, शाळेत सांगावं तसं. पण त्या म्हणाल्या, "मीही तेच केलं असतं. आम्ही काय करतो ते एकदा बघा तरी. मग तुम्ही ठरवाल तसं."

"हितं?"

"इथंच. तुमच्या खळ्यावर."

त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली आणि ती पेठवर थांबली. "तू कुनाची गं?"

"जुन्नरची," ती म्हणाली. "मुसलमानाची."

त्यांनी डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. "तुज्या बापाला म्हाईत हाय, तू हितं आलीस ती?"

"हो. त्यांनीच गाडीत बसवून दिलं."

त्यांनी मान हलवली. "मंग बस."

झोडणीनंतर मातीत लोंब्या सांडल्या होत्या. त्या वेचायच्या, म्हणजे हाताला काम झालं. आम्ही गोल करून बसलो. घाटघर, तिची आई, तिचे वडील, ओतूर, पेठ, बाई आणि मी. धुकं खळ्याच्या कडेपर्यंत आलं होतं, त्यामुळं बाकीचं गाव दिसेनासं झालेलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं. "येडगाव, तू आजवर बोलली नाहीस."

मी 'पुढं' म्हणणार होते. पण तोंडून दुसरंच आलं.

मी सांगितलं, की आमच्या गावच्या धरणात आमची जुनी जमीन गेली. तिच्या बांधावर एक लहानसं देऊळ होतं, तेही पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचा चौथरा उघडा पडायचा. मग वडील मला हाताला धरून, भेगाळलेल्या गाळातून, तिथवर घेऊन जायचे. चप्पल काढून हातात घ्यायची. गाळ वरून तापलेला आणि पाय रुतला की आत गार. देवाच्या अंगाला शिंपले चिकटलेले असायचे. वडील ते नखानं काढायचे, एकेक, हळूहळू, जसं लहान मुलाच्या अंगावरची खपली काढावी. तोंडानं काही म्हणायचे नाहीत. मला वाटायचं, हा देव वर्षभर श्वास धरून पाण्याखाली बसतो, आमची वाट बघत. घरी आल्यावर मी विहिरीत बुडी मारून श्वास धरून बघायची, किती वेळ जमतं ते. जमायचं नाही. तेव्हा मला त्याची फार माया यायची.

"एवढंच," मी म्हटलं. "बाकी मला काही माहीत नाही."

रीतीप्रमाणं कुणी काही बोलायचं नव्हतं. पण घाटघरच्या वडिलांना ती रीत ठाऊक नव्हती. हातातली लोंबी चुरत ते म्हणाले, "कुकडी आमच्याच अंगानं निघती. हितं पल्याड, कुकडेश्वराला." त्यांनी तिकडं हात केला. "म्हंजी तुमच्या देवाच्या डोक्यावर जे पानी व्हतं, ते आमच्याकडनंच आल्यालं."

त्यांनी ते असं म्हटलं, जणू ते आमचं काही देणं लागत होते. मला एकदम रडू आलं. ते लपवायला मी मातीत खाली वाकून लोंब्या वेचत राहिले. घाटघरच्या आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग ओतूर बोलला, पेठ बोलली. घाटघर तिच्या वडिलांसमोर काय बोलणार असं मला वाटत होतं. ती म्हणाली, "मला कालिजात जायाचंय, बा." त्यात देवाचं काहीच नव्हतं, पण ते तिनं आमच्या गोलात बसून म्हटलं, आणि त्यामुळं कुणाला त्यावर बोलता येईना, वडिलांनाही नाही. बहुतेक एवढ्यात त्यांना रीत कळली होती.

शेवटी त्यांनी बाईंना विचारलं, "येवढंच करता तुमी?"

"एवढंच."

"येवढ्यासाठी लोक येवढं बोलत्यात?" ते पहिल्यांदाच हसले. "भात घरात यिऊ द्या. मंग बघू."

आईनं नाचणीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. पेठला वाढताना त्या माऊलीचा हात जरा घुटमळला, मग तिनं तिच्या हातावर सगळ्यात मोठी भाकरी ठेवली. परतीच्या गाडीत बाईंचा डोळा लागला होता आणि त्यांचं डोकं ओतूरच्या खांद्यावर कललं होतं. तो पार जुन्नर येईपर्यंत ताठ बसून राहिला.

त्यानंतरचे काही शनिवार तिची जागा रिकामीच होती. मला वाटायला लागलं, आता ती येत नाही. मग एका दुपारी जिन्यावर दोन माणसांची पावलं वाजली. पुढं वडील, मागं ती. वडिलांनी नव्या तांदळाचं गाठोडं बाईंच्या पायाशी ठेवलं आणि दाराशी टेकून बसले. त्या दिवशी पावटा सोलायचा होता. त्यांनीही मूठभर शेंगा ओढून घेतल्या. सगळ्यांचं बोलणं ऐकलं. उठताना मुलीला म्हणाले, "नीट शीक," आणि जिना उतरून गेले.

गावातलं बोलणं त्यानं थांबलं नाही. समोरच्या वहिनींनी पुढं बाईंशी बोलणं सुरू केलं, पण पहिल्यासारखं नाही. बाईंना त्याचं दुःख होतं. एकदा त्या म्हणाल्या होत्या, "तिच्या दोन्ही मुलींना मी शिकवलंय."

आमची पदवी झाली आणि आम्ही पांगलो. तसं काही ठरवून झालं नाही. एका शनिवारी एक आली नाही, पुढच्या शनिवारी दुसरा. घाटघर आश्रमशाळेत शिक्षिका झाली. पेठचं लग्न होऊन ती मंचरला गेली. ओतूरला चाकणच्या कंपनीत नोकरी लागली. पुष्कळ वर्षांनी तो मला नारायणगावच्या बाजारात भेटला, तेव्हा केस पिकायला लागले होते. म्हणाला, "वडिलांचा आवाज बसलाय आता. सुट्टी असली की मी जातो त्यांच्याबरोबर. अभंग मीच धरतो."

बाई शेवटी पुण्याला भाचीकडं होत्या. त्या गेल्याचं आम्हाला उशिरा कळलं, तोवर दहावं-तेरावं सगळं होऊन गेलं होतं. मी त्या दिवशी स्वयंपाक केला, मुलांना वाढलं, आणि मग शेजारणीकडून मागून आणून मूठभर शेंगा सोलत बसले. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

लग्नानंतर मी घोडेगावला आले आणि तिथल्या ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवायला लागले. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची, आहुप्याकडची पोरं तिथं येतात. दोन हजारनंतरची ती पोरं. एखाद्याच्या खिशात मोबाईल, तोंडात हिंदी मालिकांतले शब्द. मधल्या सुट्टीनंतर एक तास रिकामा असायचा. एकदा मी त्यांना सहज म्हटलं, "ग्रंथालयात बसू या का? बोलायला." पाच-सहा जणी आल्या. एक म्हणाली, "मॅडम, परीक्षेला हाय का हे?" मी म्हटलं, "नाही." तरी त्या बसल्या. मला बाईंसारखं विचारता येत नव्हतं, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. मी फार बोलत होते. हळूहळू कमी केलं.

हिवाळ्यातल्या एका दुपारी आहुप्याकडची एक मुलगी बोलत होती. ती तांबडं फुटायच्या आधी घरून निघायची, तेव्हा कुठं कॉलेज गाठायची. ती तिच्या गावच्या जत्रेचं सांगत होती, देवीची पालखी उतरणीवर कशी आपोआप जड होते ते. सांगता सांगता तिचे शब्द लांबले, मधेच एक वाक्य सुटलं, आणि भिंतीला डोकं टेकून ती झोपून गेली. कुणी हसलं नाही. तिच्या शेजारच्या मुलीनं ओढणीचा पदर उचलून खिडकीतून तिच्या तोंडावर येणारं ऊन अडवलं आणि हात तसाच वर धरून ठेवला. हात भरून आला की ती तो बदलायची. घंटा होईपर्यंत आम्ही सगळ्या तशाच बसून राहिलो. पालखीचं पुढं काय झालं, ते आम्हाला पुढच्या आठवड्यात कळणार होतं.